दोनच गोळ्या आण ना, वहिनी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमेरिकेत फार्मासिस्ट आहे. पाच महिन्यांपूर्वी दुकान बंद व्हायच्या सुमारास एक मुलगा काउंटरवर आला आणि त्यानं माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. ‘ऑक्सी ३० जेवढ्या असतील तेवढ्या दे. ओरडलीस तर गोळी घालीन.’ त्याचा उजवा हात जॅकेटच्या आत होता. मी कपाट उघडून बाटल्या पिशवीत भरून दिल्या. चार दिवसांत तो पकडला गेला. वय २४. जॅकेटच्या आत काहीच नव्हतं, हे नंतर कळलं. तेव्हापासून टोपी डोळ्यांवर ओढलेलं कुणी आत आलं की माझे हात गार पडतात, गोळ्या मोजताना आकडा चुकतो. मॅनेजरनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, ‘अलार्मचं बटण का नाही दाबलंस?’ ते डोक्यातून जात नाही.

आता घरचं. माझा धाकटा दीर आमच्याकडेच राहतो. २९ वर्षांचा आहे, वर्क व्हिसावर आहे. गेल्या वर्षी त्याचं मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ऑक्सिकोडोन सुरू झालं, म्हणजे चिठ्ठीतली ‘ऑक्सी’, अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बंद केलं आणि आम्हाला वाटलं, संपलं. मागच्या आठवड्यात सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेली हायड्रोकोडोनची, म्हणजे त्याच जातीच्या गोळ्यांची बाटली टाकून द्यायला काढली, तर आतल्या गोळ्यांवरचा छाप वेगळा. साध्या ॲसिटामिनोफेनच्या, म्हणजे पॅरासिटामॉलच्या गोळ्या भरून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. विचारल्यावर तो रडला, आईची शपथ घेतली. दोन दिवसांनी मी कामावर निघाले तर दाराशी येऊन हळूच म्हणाला, ‘वहिनी, दोनच गोळ्या आण ना. शेवटच्या.’

सासूबाई पुढच्या महिन्यात भारतात जाणार आहेत. त्याला बरोबर नेऊन चार-पाच महिने तिकडे ठेवायचं, इथली संगत सुटली की सवय सुटेल, असं घरात ठरलंय. नवरा म्हणतो, घरातली गोष्ट बाहेर जायला नको. मला मात्र रात्री त्याच्या खोलीचं दार वाजलं की काउंटरवरचा तो मुलगा आठवतो. हाही एक दिवस तेच करेल का? आणि त्यातच सरकारी वकिलांच्या ऑफिसातून पत्र आलंय. त्या मुलाला शिक्षा सुनावण्याआधी, झाल्या प्रकाराचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते लिहून द्यायचं आहे का, म्हणून. मी काय लिहू?

– एक वाचक

---

प्रिय मैत्रिणी,

भारतात न्यायचा बेत आधी थांबवा. तिकीट काढलं असेल तर पुढे ढकला. बाकीच्या प्रश्नांना थोडा वेळ आहे, याला नाही.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण सासूबाईंच्या मनात माया आहे आणि त्या मायेतूनच हा मुलगा दगावू शकतो. तिकडे गेल्यावर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. गोळी बंद झाली की पहिल्याच दिवशी जांभया सुरू होतील, नाक गळेल, अंगावर काटा येईल, बाहुल्या मोठ्या दिसतील. मग जुलाब, उलट्या, घाम. पाय एका जागी ठरणार नाहीत, झोप लागणार नाही. घरचे म्हणतील, हवामान मानवलं नाही. आठवडा-दहा दिवसांत हे ओसरेल, तो जेवायला लागेल, चेहऱ्यावर तजेला येईल. सगळे सुटकेचा श्वास टाकतील आणि फोनवर तुम्हाला सांगतील, बघ, सुटलं.

धोका नेमका तिथून सुरू होतो. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या या गोळ्यांची शरीराला झालेली सवय, म्हणजे जास्त मात्रा पचवायची ताकद, काही दिवसांतच उतरते. ओढ मात्र तशी उतरत नाही, ती कित्येक महिने दबा धरून बसते. मग एखाद्या वाईट रात्री, किंवा परत आल्यावर इथल्याच एखाद्या मित्राच्या घरी, माणूस पूर्वीच्याच हिशेबानं गोळ्या घेतो आणि शरीराला ती मात्रा झेपत नाही. श्वास मंदावतो आणि थांबतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या ३० हजारांवर लोकांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या २ आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा त्यांचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. तुरुंगाच्या भिंतींनी त्यांना गोळीपासून लांब ठेवलं होतं, पण नुसतं लांब ठेवणं म्हणजे उपचार नव्हे. तुमच्या घरचा बेत त्याच प्रकारचा आहे, जागा तेवढी प्रेमाची.

शिवाय आता चोरट्या बाजारात मिळते ती गोळी बहुतेक वेळा गोळीच नसते. तुम्ही रोज खऱ्या ऑक्सिकोडोन ३० च्या निळ्या गोळ्या बघता. त्याच रंगाच्या, त्याच ‘एम ३०’ छापाच्या बनावट गोळ्या फेंटॅनिल, म्हणजे याच जातीचं पण कितीतरी जहाल औषध घालून बनवल्या जातात. अमेरिकेच्या अमली पदार्थ विरोधी विभागानं, म्हणजे डीईएनं, २०२३ मध्ये प्रयोगशाळेत तपासलेल्या फेंटॅनिलच्या बनावट गोळ्यांपैकी दर १० मध्ये ७ गोळ्यांत जीव जाऊ शकेल एवढी मात्रा होती. सासूबाईंची बाटली संपली आणि त्यानं तुमच्यापुढे हात पसरला. तुम्ही नाही म्हटल्यावर पुढचं दार हे बनावट गोळ्यांचं आहे. म्हणून घाई करा म्हणते.

मग करायचं काय? त्याला औषधोपचार हवेत, आणि ते आहेत. फार्मासिस्ट म्हणून ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही या व्यसनावरची औषधं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पण घरात ही नावं काढल्यावर सासूबाई काय म्हणतील तेही मला माहीत आहे, कारण हे वाक्य मी कित्येक आयांच्या तोंडून ऐकलंय: ‘एक गोळी सोडून दुसरी धरायची, यात काय सुटलं?’ त्यांना असं सांगा. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागा धरतं, पण अर्धवट चेतवतं. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम फारसा वाढत नाही. तलफ शमते, अंग दुखत नाही, नशा चढत नाही. माणूस उठून कामाला जातो, पैशांचे हिशेब नीट ठेवतो, खोटं बोलायची गरज उरत नाही. आणि जिवंत राहतो. मॅसॅच्युसेट्समध्ये ओव्हरडोसमधून वाचलेल्या १७ हजारांवर लोकांची पुढच्या वर्षभराची माहिती तपासून २०१८ साली एक अभ्यास आला. मेथाडोन घेणाऱ्यांत ओपिऑइडमुळे मृत्यू येण्याचा धोका ५९ टक्क्यांनी आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी कमी होता. नुसत्या शपथेचा असा परिणाम कुठल्याही अभ्यासात दिसलेला नाही. ‘मनावर घेतलं की सुटतं’ हे वाक्य या आजारात मी घरातून हद्दपार करीन.

पूर्वी ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरांना वेगळी परवानगी लागायची, म्हणून रुग्ण महिनोन्‌महिने ताटकळायचे. डिसेंबर २०२२ च्या कायद्यानं ती अट गेली. त्यामुळे त्याचा नेहमीचा डॉक्टरही ते सुरू करू शकतो. त्या डॉक्टरला नको असेल तर १-८००-६६२-४३५७ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. ती चोवीस तास सुरू असते, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही, जवळची उपचार केंद्रं सांगतात. पहिली गोळी कधी घ्यायची हे मात्र डॉक्टरनंच ठरवू दे. शरीरात ओपिऑइड भरपूर असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतलं तर त्रास एकदम उसळतो, आणि तो अनुभव आला की माणूस पुन्हा त्या औषधाच्या वाटेला जात नाही. तुम्हाला हे सगळं पाठ आहे, म्हणूनच सांगते: त्याच्या डॉक्टर तुम्ही होऊ नका. डोस मोजणं, बाहुल्या बघणं, बाथरूमबाहेर कान देऊन उभं राहणं, यात तुम्ही पडलात की घरात वहिनी उरणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच विचारा. सासूबाईंच्या बाटलीतल्या गोळ्या त्यानं दिवसाला किती घेतल्या? अमेरिकेत हायड्रोकोडोनच्या बहुतेक गोळ्यांत ॲसिटामिनोफेनही असतं, सहसा ३२५ मिलिग्रॅम. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं की यकृताला धोका, आणि यकृताचं दुखणं सुरुवातीला कळतही नाही. आकडा मोठा निघाला तर वाट न बघता त्याला तपासणीला न्या. रागावून विचारलंत तर आकडा खोटा येईल. ‘मला ओरडायचं नाहीये, तुझ्या लिव्हरची काळजी वाटते,’ एवढंच म्हणा.

आणि नालोक्सोनचा, म्हणजे ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे घरात आणून ठेवा. मार्च २०२३ मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकायला मंजुरी मिळाली. तुम्ही तो गिऱ्हाइकांना रोज समजावून देत असाल, आता तेच सासूबाईंना समजावा, कारण दुपारी घरात त्या असतात. हाक मारून, हलवून जागा होत नाही, ओठ निळसर पडलेत, श्वास अगदी सावकाश किंवा घशात घरघर, असं दिसलं की आधी ९११. मग एका नाकपुडीत एक स्प्रे, कुशीवर वळवायचं, दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे. तो उठून बसला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण स्प्रेचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि पोटातली गोळी त्याहून जास्त टिकते. सासूबाईंना इंग्रजी जमत नसेल तर घराचा पत्ता आणि दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा.

आता दाराशी झालेलं ते बोलणं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. नुसतं ‘बघते’ म्हणाला असाल, तर तेही मी समजू शकते. कामावर जायची घाई, समोर रडवेला दीर, आत सासूबाई. पण आता त्याला नीट, एकदाच आणि शांतपणे सांगा: ‘मी आणणार नाही. आज नाही, कधीच नाही. डॉक्टरकडे जायचं असलं तर आत्ता गाडी काढते.’ तो चिडेल, रडेल, भावाला मध्ये घालेल. तुम्ही हेच वाक्य पुन्हा म्हणा. त्यात नवं काही घालू नका, लेक्चर देऊ नका. दुकानातून एक गोळी जरी आणलीत तरी लायसन्स जाईल, फेडरल गुन्हा होईल, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला त्याहून जास्त वाटतं ते हे, की त्या क्षणापासून तो तुमच्याकडे वहिनी म्हणून बघणार नाही. तुमच्या प्रत्येक शिफ्टकडे तो आशेनं बघत बसेल. मागणारा तुमचा दीरच आहे, पण ‘शेवटच्या’ हा शब्द त्याच्याकडून आजार बोलवून घेतोय. त्याला स्वतःला तो त्या घडीला खरा वाटत असतो, म्हणून तर ऐकणाऱ्याचं मन विरघळतं. घरातली उरलीसुरली औषधं फार्मसीतल्या परतीच्या पेटीत टाका, चालू असलेली कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे.

तोही एक दिवस दरोडा घालेल का, हा तुमचा प्रश्न. तो विचारायला तुम्हाला लाज वाटली असणार, तरी विचारलात हे बरं केलंत. बहुतांश व्यसनी माणसं चिठ्ठी घेऊन काउंटरवर जात नाहीत. ती आपल्याच घरातल्या कपाटातून घेतात, दोन-तीन डॉक्टरांकडे जातात, उधार-उसनवार करतात, नोकरी घालवतात, स्वतःलाच संपवत जातात. बाटलीत दुसऱ्या गोळ्या भरून ठेवणारा माणूस अजून घाबरलेला आहे, पकडलं जाऊ नये म्हणून धडपडतोय. त्याला अजून काहीतरी राखायचं आहे. उपचाराला हीच वेळ चांगली. पण मी तुम्हाला खोटा धीरही देणार नाही. आजार वाढत गेला की माणूस आधी ज्याला कधीच शिवणार नव्हता अशा गोष्टी करतो, आणि काउंटरवरचा तो मुलगाही कधीकाळी कुणाचा तरी दीर होता, मुलगा होता. म्हणून तर आत्ता हलायचं. त्याच्यापासून लपवायचं, त्याच्यावर पहारा ठेवायचा, यात मात्र महिना घालवू नका.

हे सगळं कुठून आलं ते तुमच्या नवऱ्याला माहीत असायला हवं, म्हणजे ‘आपल्याच घरात असं कसं’ ही शरम थोडी हलकी होईल. १९९६ साली पर्ड्यू फार्मा कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे सावकाश विरघळणारी ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आणली आणि याचं व्यसन सहसा लागत नाही, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ मध्ये कंपनीनं आणि तिच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला, ६० कोटी डॉलरच्या वर दंड भरला, आणि विक्री चालूच राहिली. २०१२ साली अमेरिकेत ओपिऑइडची २५ कोटींवर प्रिस्क्रिप्शन्स लिहिली गेली. दातापासून मणक्यापर्यंत कुठल्याही दुखण्यावर तीस, साठ, नव्वद गोळ्यांची बाटली मिळायची. मग भीती वाटली तेव्हा बाटल्या झटकन बंद केल्या, पण ज्यांना लागण झाली होती त्यांची सोय कुणीच लावली नाही. २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची गोळी चुरडता येणार नाही अशी बनवली, तेव्हा बरेच जण हेरॉइनकडे वळले, २०१३ नंतर फेंटॅनिल आलं. तुमच्या दिराच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी गोळी बंद केली, एवढंच तुम्ही लिहिलंय. हळूहळू उतरवली का, नंतर कसं वाटतंय असं एकदा तरी विचारलं का, ते मला कळलेलं नाही. मला त्या डॉक्टरचा राग येतोय, आणि तो मी लपवणार नाही.

याच काळात फार्मसी लुटायचं प्रमाण वाढलं, कारण खात्रीचा माल तिथेच होता. १९ जून २०११ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मेडफर्ड इथं एक माणूस हायड्रोकोडोनसाठी छोट्या फार्मसीत शिरला आणि त्यानं चौघांना ठार मारलं, दोघं तिथले कर्मचारी, दोघं गिऱ्हाईक. त्या चौघांपैकी कुणीही त्याला अडवायला गेल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. तुमच्या मॅनेजरच्या प्रश्नाचं उत्तर मला इथंच द्यायचं आहे. तुम्ही बाटल्या दिल्यात हे शंभर टक्के बरोबर केलंत. समोरच्याच्या हातात काय आहे हे माहीत नसताना मागेल ते द्यायचं, हालचाल सावकाश करायची, तो गेला की दार लावून मग पोलिसांना फोन करायचा, हेच या धंद्यातलं प्रशिक्षण सांगतं. जॅकेटच्या आत काही नव्हतं हे तुम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी तिथं बंदूक होती, कारण तुमच्या शरीरानं ती धरूनच चालायला हवं होतं. बटण न दाबता त्या रात्री तुम्ही सुखरूप घरी गेलात.

पाच महिने झाले आणि अजून हात गार पडतात, तर हा प्रकार आपोआप जाईल म्हणून थांबू नका. धक्क्यानंतरची ही लक्षणं महिन्याच्या वर टिकली की पीटीएसडीची, म्हणजे धक्क्यातून मनाला जडणाऱ्या आजाराची तपासणी करून घ्यायची असते. त्यावर विशिष्ट पद्धतीची थेरपी आहे, त्या प्रसंगाकडे थेरपिस्टच्या सोबतीनं थोडं थोडं पुन्हा जायचं, आणि तिचा बऱ्याच लोकांना चांगला गुण येतो. झोपेची गोळी मागण्याआधी ही मागा. खर्चासाठी आधी कामावरच्या इजेची भरपाई, म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन, मिळते का ते विचारा. शारीरिक जखम नसेल तर काही राज्यांत देतात, काही ठिकाणी खळखळ करतात. गुन्ह्याच्या बळींसाठी प्रत्येक राज्याचा वेगळा निधीही असतो, आणि ज्या ऑफिसातून तुम्हाला पत्र आलं तिथल्याच व्हिक्टिम-विटनेस विभागाकडे त्याचे फॉर्म मिळतात. दुकानाकडे लेखी मागणी करा की बंद करायच्या वेळी तुम्हाला एकटीला ठेवायचं नाही, आणि सी-टू औषधांसाठी, म्हणजे ऑक्सिकोडोनसारख्या कडक नियंत्रणाखालच्या औषधांसाठी, वेळ लावलेली तिजोरी हवी, तशी पाटीही दारावर हवी. आकडे दाबल्यावर काही मिनिटं उघडतच नाही अशा या तिजोऱ्या २०१५ मध्ये इंडियानात मोठ्या साखळी दुकानांत बसवायला सुरुवात झाली, तेव्हा फार्मसी दरोड्यांत ते राज्य देशात सगळ्यांत पुढे होतं. चोराला थांबायला परवडत नाही. तुमच्या पत्रात ‘मी कपाट उघडलं’ असं आहे, म्हणून हे लिहिलं.

घरातली गोष्ट बाहेर जायला नको, हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. व्हिसाची भीती खरी आहे. पण ती उलट्या दिशेला लागतेय. व्यसनोपचार केंद्रातल्या नोंदींना फेडरल कायद्याचं खास संरक्षण आहे, मोजके अपवाद सोडले तर रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्या दुसऱ्याला देता येत नाहीत. खरा धोका अटकेचा आणि अमली पदार्थाच्या गुन्ह्यात दोषी ठरण्याचा आहे, आणि उपचार न मिळालेला माणूस त्याच्या जास्त जवळ असतो. भारतात जाऊन व्हिसाचा शिक्का पुन्हा घ्यायचा असेल तर अर्जात व्यसनाबद्दल थेट प्रश्न असतो. तेव्हा देश सोडण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी त्यानं स्वतः बोलावं. हे पैसे वाचवू नका. उपचार बसल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, औषधाची सोय करून तो पुढच्या वर्षी महिनाभर आईकडे गेला तर मला आनंदच होईल. तिकडेही चांगली माणसं आहेत, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, सासूबाईंना तिथल्या समुपदेशकांशी मराठीत बोलता आलं तर त्यांचा जीवही थोडा भांड्यात पडेल. पण त्यांना आजार समजावा म्हणून बोलायचं, त्याला गपचूप सोडून यायला नव्हे.

नवऱ्याशी मात्र एकदा दार लावून बोला. दीर त्याचा भाऊ आहे, डॉक्टरकडे पहिल्यांदा घेऊन जायचं काम त्याचं. लुटीनंतर पाच महिने तुम्ही कामावर जाताय, बाटलीतली अदलाबदल तुम्ही ओळखलीत, दाराशी विनवणी तुमच्याकडे झाली, पत्रही तुम्हीच लिहिलंत. तो काय करतोय ते तुमच्या पत्रात मला शोधूनही सापडलं नाही.

राहिला कोर्टाचा कागद. तो लिहायलाच पाहिजे असं नाही, तुमच्या इच्छेवर आहे. मला विचाराल तर लिहा. कदाचित तुम्हाला वाटत असेल की दिराची दया येते म्हणून त्या मुलाचीही यायला हवी, नाहीतर आपण दुटप्पी. तसं काही नाही. त्याचा आजार खराच असेल, त्याला उपचार मिळावेत असं तुम्हालाही वाटत असेल, तरी त्यानं तुम्हाला जिवे मारायची धमकी दिली आणि तुमची झोप नेली. १९८४ पासून फार्मसीतून अशी औषधं लुटणं हा फेडरल गुन्हा आहे, २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. किती द्यायची ते न्यायाधीश ठरवतील, तो भार तुमच्यावर नाही. माफ करायचं कर्ज तुम्ही कुणाचं लागत नाही. आणि याच्या उलटही: दिरावरचा सगळा राग त्या कागदात त्या अनोळखी मुलावर काढू नका.

लिहिताना जे तुमचं तुम्हाला माहीत आहे तेवढंच लिहा. चिठ्ठीवरचे शब्द, हात गार पडणं, मोजताना चुकणारा आकडा, रात्री दार वाजल्यावर काय होतं ते. किती दिवस कामावर जाता आलं नाही, किती पगार गेला, थेरपीला किती खर्च येणार, त्याच्या पावत्या जोडा, भरपाईचा आदेश त्यावरूनच निघतो. त्याला तुरुंगात असताना व्यसनावर औषधोपचार मिळावेत असं वाटत असेल तर तेही त्याच कागदात लिहायला हरकत नाही, पण मनापासून वाटत असेल तरच. घरचा पत्ता, मुलांची नावं, दिराची गोष्ट यांपैकी काहीही त्यात घालू नका, कारण आरोपीच्या वकिलाला तो कागद वाचायला मिळतो. पत्रावर मुदतीची तारीख असेल, तिच्या दोन दिवस आधी पोचेल असा पाठवा. आणि तो लिहायला बसण्याआधी दिराची पहिली अपॉइंटमेंट ठरलेली असू दे.